नव्या विद्या, जुने प्रश्न

दहावीचा निकाल लागला म्हणजे एकत्र कुटुंबाच्या ओटीवर एक सभा भरते. ज्याच्या पुढील आयुष्याचा प्रश्न असतो ते सोळा वर्षांचे मूल दाराच्या चौकटीला टेकून मुकाट्याने उभे असते, आणि ज्यांस त्या प्रश्नाचे परिणाम भोगावयाचे नसतात ती सर्व मंडळी झोपाळ्यावर व सतरंजीवर बसून मत देत असतात. सभेचे निर्णयही बहुधा आधीच झालेले असतात. गुण उत्तम असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, आणि या दोहोंस पुरे पडत नसतील तर कला. हे कोष्टक कोणत्याही स्मृतिकाराने सांगितलेले नाही. तथापि आमच्या घरांतून ते स्मृतिवचनापेक्षा अधिक श्रद्धेने पाळले जाते. या कोष्टकाविषयीच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील, तर तो फारसा नाही. आम्ही १९७४ साली जुन्या अकरावीची परीक्षा, जिला घरोघरी मॅट्रिक म्हणत, ती उत्तीर्ण झालो. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली. पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि पेणच्या परिसरात मास्तरकी करून निवृत्त झालो. विषय निवडण्याचा प्रसंग आमच्यावर आलाच नाही. जो विषय शिकविणारे गुरुजी भेटले तोच आमचा विषय झाला. परंतु २०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरांत एकदम दोन मुले दहावी झाली. एक आमच्या धाकट्या बंधूंचा नातू, तो येथे पेणला आमच्याच घरात वाढलेला. दुसरी रोह्यास दिलेल्या आमच्या भगिनीची नात. त्याच वर्षापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात संगणकावरील अर्जाने होऊ लागला. पूर्वी ही रीत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता पेण-रोह्याच्या मुलांसही दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम लिहून द्यावयाचा होता. पूर्वी गावच्या महाविद्यालयात जाऊन नाव घातले की काम होत असे. आता काय हवे ते कागदावर लिहावयाचे, म्हणजे आधी ते ठाऊक असावयास पाहिजे. आणि अडचण तेथेच आली.

या दोन मुलांचा एक आतेभाऊ विलायतेत वाढतो. तेथे सोळा वर्षांची मुले सिक्स्थ फॉर्म नावाच्या दोन वर्षांच्या वर्गात बहुधा तीनचारच विषय घेतात. त्याने घेतलेल्या विषयांत दोन होते: क्रिमिनॉलॉजी आणि प्रॉडक्ट डिझाइन. पहिले म्हणजे गुन्हेशास्त्र, दुसरे म्हणजे वस्तुरचनेचे शास्त्र. दूरध्वनीवर त्याने काय वर्णन केले कोण जाणे. रोह्याच्या मुलीने पहिला विषय मनात धरला व पेणच्या मुलाने दुसरा. आपल्याकडील अकरावीत या नावाचे विषय नाहीत, हे कळल्यावरही दोघांचा हेका सुटला नाही.

घरातील प्रतिक्रिया वाचकांस सहज कल्पिता येईल. भगिनी रोह्याहून म्हणाली, “दादा, मुलीला चोरांचा अभ्यास करायला पाठवू म्हणतोस? चौऱ्याण्णव टक्के काय त्यासाठी मिळवलेन् तिने?” बंधू येथे झोपाळ्यावरून म्हणाले, “वस्तू करायला सुतार आहेत, कासार आहेत, कुंभार आहेत. त्याला पदवी कशाला लागते?” मुलास पासष्ट टक्के गुण होते. अर्थात कोष्टकाने निकाल दिला तो असा: मुलीने विज्ञान घ्यावे व डॉक्टर व्हावे, मुलाची चित्रकला बरी आहे, त्याने कला शाखेस जावे व मग पाहू.

कोणताही विषय चांगला की वाईट हे ठरविण्यापूर्वी तो विषय म्हणजे काय, हे पाहणे ही मास्तरांची जुनी खोड. ती आमची सुटलेली नाही. आम्ही प्रथम आमच्या ओळखीच्या ग्रंथांकडे वळलो, तो मोठी मौज दिसली. कौटिल्याचे अर्थशास्त्र, ज्याची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींस १९०५ साली मिळाली व जे त्यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केले, त्याच्या चौथ्या अधिकरणाचे नाव कण्टकशोधन. समाजातील काटे शोधून काढण्याचे हे प्रकरण. त्यात अकस्मात मेलेल्या माणसाच्या प्रेताची परीक्षा कशी करावी, यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रेतास तेल चोपडून पाहावे, हातपाय सुजले आहेत काय, डोळे उघडे आहेत काय, गळ्यावर वळ आहे काय, यावरून श्वास कोंडून मारले की आणखी काही, हे ठरवावे, असे त्यात सांगितले आहे. आणि या अधिकरणाचा आरंभ कशाने होतो? विणकर, परीट, सोनार इत्यादी कारागिरांच्या कामावर देखरेख कशी ठेवावी, याने! तेव्हा गुन्हा आणि वस्तू हे दोन विषय आमच्या दोन नातवंडांनीच प्रथम एका घरात आणले असे नाही.

वस्तुरचनेचेही तसेच. वराहमिहिराने बृहत्संहितेत ग्रहगतीबरोबरच पलंग व आसने यांवर अध्याय लिहिला आहे. कोणते लाकूड घ्यावे, कोणते टाळावे, राजाचा पलंग शंभर अंगुळे लांब असावा, इतका तपशील त्यात आहे. म्हणजे माणसाच्या अंगाखाली येणारी वस्तू हा विद्वानाच्या विचाराचा विषय आहे, हे सहाव्या शतकात कोणास चमत्कारिक वाटत नव्हते.

आधुनिक काळाची हकीकत आमच्या बंधूंस विशेष पटली, ती सांगतो. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकेतील नामांकित रचनाकार दांपत्य. भारत सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी येथे हिंडून १९५८ साली एक अहवाल दिला. या देशात पाहिलेल्या वस्तूंत त्यांस सर्वांत सुंदर कोणती वाटली असेल? ताजमहाल नव्हे, तर आपला तांब्या. आणि त्याची स्तुती करून ते थांबले नाहीत. असा तांब्या आज नव्याने घडवावयाचा तर कोणते प्रश्न विचारावे लागतील, ते त्यांनी मांडले. त्यात पाणी किती मावावे, उचलणाऱ्या हाताची शक्ती केवढी, तो कडेवर न्यावयाचा की डोक्यावर, भरलेला असता तोल कसा राहील व रिकामा असता कसा, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल काय, किंमत किती, असे प्रश्न एकामागून एक येतात. त्याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये १९६९ साली याच विद्येचे केंद्र निघाले व त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. आपण २०१० पासून रुपयाचे जे चिन्ह लिहितो, ते या केंद्रातील उदयकुमार या विद्यार्थ्यानेच काढलेले. हे सारे ऐकून बंधूंनी समोरचा तांब्या उचलून एकदा फिरवून पाहिला. ते म्हणाले काही नाहीत. परंतु पदवी कशाला, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

तरीही आमचे समाधान झाले नव्हते. विषय थोर आहे एवढ्याने तो आपल्या मुलाचा होत नाही. मुलगा त्या विषयाचा आहे काय, हे पाहावयाचे राहिले होते.

पेणचा मुलगा म्हणजे गणपतीच्या कारखान्यांच्या उंबरठ्यावर वाढलेला. देवधरांसारख्या घराण्यांनी वाढविलेला हा धंदा आता पेण शहरातून हमरापूर, जोहे अशा गावोगाव पसरला आहे; येथल्या मूर्ती परराज्यांत व परदेशांतही जातात. आमचा हा नातू लहानपणापासून शाळा सुटली की एखाद्या कारखान्यात जाऊन बसे. आम्ही समजत होतो की त्यास रंगकामाची व डोळ्यांच्या आखणीची आवड आहे. म्हणून त्यास एकदा विचारले, “तिथे बसून तू पाहतोस तरी काय?” तो म्हणाला, “आजोबा, शाडूची मूर्ती इतकी जड का होते? आणि हलकी केली तर फुटते का?” आम्ही चकित झालो. आखणीचा त्याने उल्लेखही केला नाही.

हा प्रश्न लहान नाही. आज हजारो घरांची चूल त्यावर अवलंबून आहे. शाडू पाण्यात थोड्या वेळात विरघळते, परंतु ती जड, वाळावयास वेळ लावणारी व प्रवासात तडकणारी. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, स्वस्त व लवकर घट्ट होणारे. परंतु पाणी मिसळताच त्याचा पुन्हा जिप्सम बनतो व तो विसर्जनानंतर सहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये अशा मूर्तींस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाचा प्रश्न मात्र निराळा ठेवला. तोपर्यंत कारखानदारांची झोप उडाली होती. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस कारागिराची भाकरी. या दोहोंच्या मध्ये हवी आहे ती अशी वस्तू, की जी शाडूसारखी विरघळेल, प्लास्टरसारखी हलकी असेल व ट्रकमधून अभंग पोहोचेल. याचेच नाव वस्तुरचना. आमच्या नातवास हे नाव ठाऊक होण्यापूर्वीच प्रश्न ठाऊक होता.

आता शाखेचे पाहू. अहमदाबादच्या संस्थेच्या पदवीस किंवा आय. आय. टी. च्या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचे तर बारावी कोणत्याही शाखेतून चालते. तेव्हा सक्ती अशी नाही. परंतु याचा प्रश्न वजनाचा, चिकटपणाचा, वाळण्याचा व विरघळण्याचा आहे. त्याचे उत्तर रसायन व पदार्थविज्ञान यांच्या दारातून जाते. म्हणून पासष्ट टक्क्यांच्या या मुलाने विज्ञान घ्यावे, असे आमचे मत पडले. ते ऐकून घरात प्रथम हशा झाला. गणित जड जाईल, हे आम्हीही त्यास स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, “कशासाठी करतोय ते माहीत असलं तर करीन.” विद्यार्थ्याच्या तोंडून याहून चांगले उत्तर आमच्या नोकरीत आम्ही फारसे ऐकलेले नाही.

रोह्याच्या मुलीचा प्रश्न अधिक बिकट होता. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. त्यांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, हे त्या भागातील सर्वांस ठाऊक आहे. ही मुलगी पाच वर्षांची असताना आजीच्या कडेवरून विचारती झाली, “देवाला पोलीस कशाला?” पुढे ती आठवीत असताना त्यांच्या परसातून तांब्याचा जुना हंडा चोरीस गेला. चोर सापडला तो पंधरा-सोळा वर्षांचा पोर निघाला. वय लहान म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले. हंडा केवढ्याचा होता, कोठे विकला, भिंत कशी चढला, याची चर्चा आठ दिवस चालली. ही मुलगी मात्र एवढेच विचारीत राहिली की त्याने शाळा कधी सोडली, आणि कां सोडली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कारण तो न कळल्याने पुष्कळ घरांत गोंधळ होतो. गुन्हा कोणी व कसा केला, हे सिद्ध करण्याची विद्या निराळी. तिला आपल्याकडे न्यायसहायक विज्ञान म्हणतात. रक्त, विष, हस्ताक्षर, बोटांचे ठसे ही तिची साधने. बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यास निघाली व ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचे परिश्रम होते. या विद्येस आता फार मागणी येणार आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद असून, ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. या मार्गास विज्ञान शाखाच हवी. परंतु माणूस गुन्हा कां करतो, आणि केल्यावर त्यास परत माणसांत आणता येते काय, हा प्रश्न गुन्हेशास्त्राचा. त्याची मुळे मानसशास्त्रात, समाजशास्त्रात व कायद्यात आहेत.

मुलगी कोणत्या वाटेची, हे पाहण्यास आम्ही एक युक्ती केली. सुट्टीत ती पेणला आली असता तीन रात्री तिला मृच्छकटिकाची कथा सांगितली. नवव्या अंकातील न्यायसभेत चारुदत्तावर वसंतसेनेच्या वधाचा आरोप येतो. न्यायाधीश वीरकास उद्यानात पाठवितात. तो येऊन सांगतो की श्वापदांनी फाडलेले एका स्त्रीचे प्रेत तेथे आहे. केस व हातपाय यांवरून ते स्त्रीचे खरे. परंतु ते वसंतसेनेचेच कशावरून, हे कोणी विचारीत नाही. वसंतसेना तर तिकडे जिवंत असते! एवढ्यावर चारुदत्तास सुळाची शिक्षा होते. जिची ओढ न्यायसहायक विज्ञानाकडे, ती मुलगी येथे उसळून उठेल, असा आमचा अंदाज. हिनेही ती चूक ओळखली व मान डोलावली. परंतु ती गुंतून पडली होती तिसऱ्या अंकातच. तेथे शर्विलक भिंतीस भोक पाडतो. जानव्याने माप घेतो. कमळाच्या आकाराचे पाडावे की कुंभाच्या, याचा शास्त्रशुद्ध विचार करतो. (हा भाग ऐकून पेणचा नातू खूष झाला, हे सांगावयास नकोच.) शर्विलक हा चतुर्वेदी ब्राह्मणाचा मुलगा. मदनिकेस दास्यातून सोडविण्यास द्रव्य हवे म्हणून तो चोरी करतो. आणि वसंतसेना मदनिकेस मुक्त करून त्याच्या हाती देते. मुलीने विचारले, “भाऊआजोबा, वसंतसेनेने त्याला पकडून दिलं असतं, तर तो पुढे काय झाला असता?”

आमची शंका फिटली. आम्ही तिला औंध संस्थानची गोष्ट सांगितली. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. औंधचे राजेसाहेब व मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडमधील गृहस्थ यांचा तो प्रयोग. कैद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी. ग. दि. माडगूळकरांची कथा घेऊन शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, तो याच प्रयोगाच्या आधाराने. मुंबईस १९३६ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत या विषयाचे अध्यापन कित्येक दशके होत आले असून, तिच्या ‘प्रयास’ या उपक्रमाने १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम चालविले. म्हणजे मुलीचा प्रश्न पोरकट नव्हता. त्यावर शहाण्या माणसांनी हयाती घालविल्या आहेत.

तेव्हा चौऱ्याण्णव टक्क्यांच्या मुलीने कला शाखा घ्यावी, मानसशास्त्र व समाजशास्त्र वाचावे, असे आमचे मत पडले. भगिनीच्या डोळ्यांस पाणी आले. तिचे दुःख खोटे नव्हते. डॉक्टरीस जी प्रतिष्ठा आहे ती या विषयास नाही, नोकऱ्या मोजक्या, तुरुंग, न्यायालये, बालगृहे येथे मुलीने वावरावयाचे. विज्ञान सोडले तर प्रयोगशाळेची वाट पुढे उघडणार नाही, हे आम्ही मुलीस दोनदा बजावले व तिच्याकडून ते वदवून घेतले. परंतु वकिलीची वाट खुली राहते. आणि पोलीस सेवेच्या स्पर्धापरीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, हेही सांगितले.

भगिनीची समजूत आम्ही तिच्याच गावच्या उदाहरणाने घातली. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला जाऊन त्यांनी सृष्टिविज्ञान घेतले व वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले. १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. एवढे होऊनही मेघदूताचा मराठी अनुवाद करण्यास त्यांस सवड झाली. सोळाव्या वर्षी घेतलेला विषय म्हणजे जन्मठेप नव्हे. मात्र संस्कृत असो, वनस्पती असो वा पैसा असो, त्या त्या वेळी जो विषय हाती आला तो त्यांनी मनापासून घेतला, हे विसरता कामा नये.

आमच्या मते कोष्टकाचा दोष हा की ते गुणांवरून विषय ठरविते. गुण म्हणजे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मुलाने कशी दिली, याचे माप. ते मोलाचे आहे. मास्तर होऊन आम्ही त्यास तुच्छ कसे म्हणू? परंतु मूल स्वतः कोणता प्रश्न विचारते, हे गुणपत्रिकेत कोठेच छापलेले नसते. ते घरातल्यांनाच ठाऊक असू शकते. आणि एकत्र कुटुंबाचा या बाबतीत मोठा लाभ असा की मुलाने पाचव्या वर्षी काय विचारले, हे सांगणारे कोणीतरी घरात असते. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी अवश्य कराव्या. मुलाचा प्रश्न कोणता, हे आठवून पाहावे. विषयाच्या नावावर न जाता पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मुलासह बसून वाचावा. आणि कोणती वाट घेतल्याने कोणते दार बंद होते, हे त्यास न घाबरविता, पण न लपविता सांगावे. यापुढील निवड मुलाची.

जून २०२५ मध्ये दोन्ही अर्ज गेले. मुलाने विज्ञान लिहिले, मुलीने कला. पुढे कोण कोठे पोहोचेल हे भविष्य आम्हांस वर्तविता येत नाही. परंतु त्या रात्री भगिनीचा रोह्याहून दूरध्वनी आला. आम्हांस वाटले, पुन्हा चौऱ्याण्णव टक्क्यांचा विषय निघणार. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दादा, आपला हंडा नेलान् त्या पोराचं पुढे काय झालं रे? उद्या चौकशी करायला सांगते.”